शिसं की जाकीट

सिव्हिलमधले लोक मला एक प्रश्न हमखास विचारतात. लग्नात, मयतीत, एस.टी.च्या रांगेत, कुठंही. "सुभेदार सायेब, तुमी किती जन मारले?" मी मशीनगनचा माणूस. आपल्या गोळीनं कोण पडलं हे मशीनगनवाल्याला कळत नाही, आणि कळलं तरी ती लग्नात सांगायची गोष्ट नव्हे. कमरेच्या रिव्हॉल्वरचं विचाराल तर सांगता येईल. सगळ्या नोकरीत रेंजवरचा सराव सोडला तर मी रिव्हॉल्वरची एकच गोळी झाडली. तीही सीमेवर नाही. बडनेऱ्याला, रेल्वेच्या साइडिंगमध्ये, भर दुपारी.

हे आजवर सांगितलं नाही, कारण एक बाई हयात होत्या आणि ही गोष्ट माझ्याइतकीच त्यांची होती. मागच्या उन्हाळ्यात त्या अकोल्याला वारल्या. आता सांगायला हरकत नाही.

मी इंगळे. कौंडण्यपूरजवळचा. आमच्या घरानं धम्म घेतला त्याच्या दुसऱ्या वर्षी मी भरती झालो. आमची पलटण मशीनगनची आणि प्लाटूनमध्ये अर्धे गडी वऱ्हाडातले, त्यामुळे कॅम्पमध्ये हिंदीपेक्षा "काहून बे" जास्त ऐकू यायचं. पुण्याकडचा एक क्लार्क होता. त्याला पहिले सहा महिने वाटत होतं की आम्ही एकमेकांशी भांडतो.

मशीनगनच्या एक नंबरला, म्हणजे जो गन चालवतो त्याला, रायफल मिळत नाही. गन आणि तिची तिपाई यांचंच ओझं इतकं की रायफल घेणार कुठं? म्हणून त्याच्या कमरेला अडतीस बोअरचं रिव्हॉल्वर. ते चालवायला आम्हाला हवालदार किसन वानखडे यांनी शिकवलं. अकोल्याचे. हत्यार शिकवणाऱ्याला फौजेत उस्ताद म्हणतात, म्हणून आम्ही त्यांना उस्तादच म्हणायचो. अंगानं किडकिडीत, आवाज खणखणीत, आणि थट्टा करताना चेहरा असा की रिक्रूटला वाटावं आता शिक्षाच होणार.

त्या काळी आमच्याकडं रिव्हॉल्वरचा दारूगोळा दोन जातींचा होता. एक जुना, मोठ्या लढाईच्या काळातला. त्याची गोळी नुसत्या शिशाची, करडी, दोनशे ग्रेन वजनाची. दुसरा नंतरचा. त्याच्या गोळीवर तांब्याच्या रंगाचं पातळ कवच, वजन एकशे अठ्ठ्याहत्तर ग्रेन. कवचाला आम्ही जाकीट म्हणायचो. ग्रेन हे माप गड्यांच्या डोक्यात शिरेना तेव्हा उस्तादांनी ते सोनाराच्या दुकानात नेलं.

"तोळा मालूम हाय ना? शिसं तोळ्याच्या वर. जाकीट तोळ्याच्या जराक खाली. लगनात पोरीच्या बापाले जो फरक समजते, तो तुमाले गोळीत समजला पायजे."

मग त्यांनी पैज लावली. एकच रिव्हॉल्वर, एकच निशाण, अंतर पंचवीस यार्ड. जड गोळी वर लागेल की खाली? सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, खाली. जड आहे, पडणारच. उस्तादांनी आधी तीन शिशाच्या झाडल्या. तिन्ही निशाणाच्या मध्यावर. मग त्याच जागी नेम धरून तीन जाकिटाच्या. त्या दोन-तीन बोटं खाली लागल्या. हलकी गोळी खाली! आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं पाहत राहिलो.

"बार झाला की हात वर उठते," उस्ताद म्हणाले. "जड गोळी नळीतून निवांत निघते. तवरक नळी वर गेली असते. हलकी झटकन निघून जाते, नळी उठाच्या आदी. हे रिव्हॉल्वर शिशाच्या जमान्यात बनलं, त्याच्या नळीवरची नेमाची माशी शिशाच्या हिशेबानं बसवली. जाकीट भरलं तं नेम जराक वर धरा."

पण त्यांचा खरा धडा पुढचा होता. त्यांनी रॉकेलचे रिकामे डबे ओल्या मातीनं भरून एकामागं एक मांडले. जाकिटाची गोळी पहिल्या डब्यातून सरळ पार होऊन दुसऱ्यात गेली. शिशाची गोळी आत वाकडी झाली, आडवी पडली आणि पहिल्याच डब्यात राहिली. प्रत्येक वेळी असंच होईल असं नाही, हेही त्यांनी सांगितलं. शिसंसुद्धा कधी पार जातं. पण थांबण्याची आशा धरायची तर शिशाकडूनच. उघड्या शिशाची गोळी लढाईत वापरायची नाही असा देशादेशांतला जुना करार आहे, म्हणून जाकीट लढाईचं आणि शिसं रेंजवरच्या सरावाचं, असा रिवाज होता.

"निशाण लागलं म्हंजे काम झालं असं समजू नोका," ते म्हणाले. "निशाणाच्या मांगं कोन उभं हाय, थे बी पाहा लागते."

यातूनच त्यांनी एक पद्धत घातली. ती कुठल्याही पुस्तकात नव्हती. आमचं रिव्हॉल्वर मधून मोडणारं होतं. ते उघडलं तर मागून काडतुसांच्या नुसत्या पितळी चकत्या दिसतात, गोळी कुठली ते दिसत नाही. पूर्ण उघडलं तर सगळी काडतुसं हातात येतात. समोरून पाहिलं तर टोकं दिसतात, पण भरलेल्या हत्याराची नळी स्वतःकडं वळवणारा शहाणा नव्हे. म्हणून रिव्हॉल्वर एकाकडून दुसऱ्याकडं जाताना देणाऱ्यानं तोंडानं बोलायचं. आधी किती, मग कुठली. "सहा, शिसं." घेणाऱ्यानं तेच परत बोलायचं. बोलल्याशिवाय घ्यायचं नाही. आम्ही याची चेष्टाही करायचो. लंगरमध्ये, म्हणजे आमच्या भटारखान्यात, वरणाची पळी वाढताना, "एक, तुरीचं."

त्रेसष्टच्या हिवाळ्यात आम्हाला रेल्वे गार्डची ड्यूटी लागली. दारूगोळ्याचे काही डबे एका मालगाडीबरोबर न्यायचे. गार्ड कमांडर वानखडे उस्ताद, दोन नंबर मी, तेव्हा मी नायक होतो, आणि चार सिपाही रायफलवाले. रिव्हॉल्वर एकच, कमांडरच्या कमरेला. निघताना उस्तादांनी कंपनी कमांडरची परवानगी काढून शिशाची सहा काडतुसं रिव्हॉल्वरमध्ये घातली, आणि जाकिटाची सहा पाऊचमध्ये.

मी विचारलं, "काहून उस्ताद? ड्यूटीवर तं जाकीट."

"आपन टेशनाटेशनावर उभे रायनार. आपल्या चहूकडं बायापोरं. इथी कोन दुश्मन हाय?"

दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याच्या अलीकडं लाइनीवर एक मालडबा घसरला म्हणून आमची गाडी वाटेतल्या एका जंक्शनवर अडली, मग हळूहळू पुढं सरकत बडनेऱ्याला आली आणि तिथं आमचे डबे साइडिंगला लावले. पुढचा हुकूम येईपर्यंत थांबा, असं सांगण्यात आलं. वाटेतल्या जंक्शनवर असताना एका अफसरानं आमच्या गार्डची तपासणी केली होती. त्या वेळी माझी झोपेची पाळी होती, मी डब्यात पांघरूण घेऊन पडलो होतो. तिथं काय झालं ते मला कोणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

बडनेऱ्यात कापसाचा हंगाम होता. साइडिंगपलीकडं गाड्यांची रांग, रुळांवर उडालेला कापूस, बैलांच्या घंटा. घर हाकेच्या अंतरावर आणि जाता येत नाही, ही फौजेतली गंमत आम्हाला नवी नव्हती. उस्तादांचं अकोला तर पॅसेंजरनं दोन-अडीच तासांवर. रेल्वेचा एक सांधेवाला अकोल्याचाच निघाला. तो ड्यूटी संपवून घरी जाताना निरोप घेऊन गेला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या पॅसेंजरनं द्वारका वहिनी, म्हणजे उस्तादांच्या घरच्या, भाकरींची चवड बांधून बडनेऱ्याला उतरल्या.

त्यांना रुळांवरून येताना उस्तादांनी लांबून पाहिलं. आठ महिने झाले होते भेटीला. तोफेच्या आवाजाला न दचकणारा माणूस शर्टाची कॉलर ओढू लागला.

मी म्हणालो, "जा उस्ताद. मी हाय इथं."

त्यांनी कमरेचा बेल्ट सोडला, रिव्हॉल्वरसकट माझ्या हातात दिला आणि निघाले. जाता जाता म्हणाले, "तायडेले चहा पाज." तायडे आमचा सिपाही, त्याचा पहारा डब्यांच्या पलीकडच्या टोकाला होता. मी "बरं" म्हणालो आणि बेल्ट चढवला. ते दोन शब्द त्यांनी म्हटले नाहीत. मीही परत मागितले नाहीत. त्यांना इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं, आणि अशा माणसाला थांबवून "किती, कुठली" विचारणं मला जमलं नाही.

शेवटच्या डब्याजवळ, रिकाम्या रुळांच्या कडेला, दोघं स्लीपरवर बसले. मी चाळीसेक पावलांवर, पाठ अर्धी त्यांच्याकडं करून. तेवढी अदब आम्हालाही होती. वहिनींनी फडकं सोडलं. ठेच्याचा वास माझ्यापर्यंत आला. थोड्या वेळानं त्यांनी मला हाक मारली, "भाऊजी, तुमी बी या. तीन मानसाईचं हाय." मी म्हणालो, "तुमी घ्या वहिनी, मी मांगून येतो."

तेवढ्यात कापसाच्या गाड्यांकडं आरडाओरड झाली. "पिसायलं! पिसायलं! सरका!"

एक कुत्रं रुळांमधून येत होतं. मोठं, पिवळसर. चाल तिरकी, जबडा लोंबलेला, तोंडाला फेस. कुणाकडं बघत नव्हतं आणि वाटही बदलत नव्हतं. ते थेट वहिनींकडं गेलं. त्या उठल्या, लुगड्यात पाय अडकला, मागच्या डब्याच्या चाकाला टेकल्या. उस्ताद मध्ये आले. कुत्र्यानं त्यांच्या उजव्या हाताला पंजाच्या वर चावा घेतला. त्यांनी तो हात सोडवला नाही. डाव्या हातानं कुत्र्याचं मानगूट धरलं, त्याला रुळाशी दाबलं आणि गुडघ्यावर बसून स्वतःच्या मांडीनं त्याचं अंग अडवलं. मी पोचलो तेव्हा असं होतं: माझ्या समोर कुत्रं, कुत्र्याला चिकटून उस्ताद, उस्तादांच्या मागं वहिनी, आणि वहिनींच्या मागं दारूगोळ्याचा डबा.

मी तायडेला हाक मारली. तो पळत निघालाही होता, पण पलीकडच्या टोकाहून यायला वेळ लागणार होता. आणि येऊन काय करणार? रायफलची गोळी कुत्रं, माणूस, सगळ्यांतून जाते. उस्तादांचा हात रक्तानं निसरडा झाला होता. पकड सुटत होती, ते दिसत होतं. सुटली असती तर कुत्रं वहिनींच्या अंगावर.

मी रिव्हॉल्वर काढलं. एवढ्या जवळून दोन-तीन बोटांच्या फरकाला अर्थ नसतो. नेम चुकणारच नव्हता. प्रश्न एकच होता, गोळी कुठं थांबणार. शिसं असेल तर कुत्र्यात थांबायची आशा. जाकीट असेल तर कुत्र्याच्या पलीकडं उस्तादांची मांडी आणि पोट. आणि आत काय आहे ते मला माहीत नव्हतं. आपण निघताना शिसं भरलं होतं, असं मन सांगत होतं. पण ते दोन शब्द कोणी बोललं नव्हतं, आणि पाच वर्षांची सवय बोट हलू देत नव्हती.

उस्तादांनी मान वर केली. माझा चेहरा पाहिला आणि मी का थांबलो ते त्यांना कळलं.

"शिसं हाय!" ते ओरडले. "शिसं हाय, इंगळ्या! उभ्यानं मार. जवळ ये. वरून!"

मी दोन पावलं पुढं गेलो, उभं राहून नळी खाली धरली आणि कुत्र्याच्या पाठीच्या बाजूनं, खांद्यामागं, गोळी झाडली. कुत्रं एकदा ताठ झालं आणि पडलं. दुसरी लागली नाही.

वहिनी पहिल्यांदा ओरडल्या त्या तेव्हा. उस्ताद हळूच मागं सरकून बसले. मी त्यांच्या अंगावर रक्त कुठं कुठं आहे ते पाहत होतो. मांडी सलामत. पोट सलामत. मग स्लीपरकडं नजर गेली. लाकडात भोक होतं. ताजं, गोल, स्वच्छ. त्यांची मांडी जिथं होती तिथून चार बोटांवर.

मी रिव्हॉल्वर मोडलं. काडतुसं तळहातावर आली. एक रिकामं. बाकी पाचांची टोकं तांब्याची.

तायडे येऊन पोचला होता, गाडीवाले धावत आले होते. वहिनींनी डोक्यावरचा पदर फाडला नाही की छाती पिटली नाही. त्यांनी स्टेशनच्या नळावरून बादली भरून आणली आणि साबणाच्या वडीनं जखम धुवायला बसल्या. धू धू धुतली. नंतर डॉक्टरांनी सांगितलं, तेच सगळ्यात मोठं काम झालं.

उस्तादांना अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात दाखल केलं. कुत्रं पिसाळलेलंच धरून चाला, असं डॉक्टर म्हणाले. पोटात चौदा इंजेक्शनं, रोज एक. पुढचा हुकूम येईपर्यंत आम्ही बडनेऱ्यालाच होतो, आणि गार्डची कमान माझ्याकडं आली होती. दुसऱ्या दिवशी घटकाभर सुटी काढून मी दवाखान्यात गेलो. उस्ताद खाटेवर पडून होते, वहिनी खाली बसून मोसंबी सोलत होत्या.

"उस्ताद," मी म्हणालो, "आत जाकीट होतं."

"हो."

"काहून खोटं बोलले?"

"त्या जंक्शनवर अफसर म्हने, ड्यूटीवर सर्विस अम्युनिशनच पायजे. कायद्यानं बरोबर होतं त्याचं. मी बदललं. तू झोपला होता. मंग ही आली, आन् मी तुले सांगाचं इसरलो." त्यांनी वहिनींकडं पाहिलं. वहिनींचा हात मोसंबीवर थांबला. "जाकीट हाय म्हनलं असतं तं तू मारलं असतं काय?"

मी खरं तेच सांगितलं. "नाही."

"मंग? कुत्रं सुटलं असतं. चूक माही होती ना बे. त्या चुकीची गोळी लागाची तं मले लागू दे. हिले काहून?"

"आन् वरून मार काहून म्हनले?"

तेव्हा ते हसले. "जाकीट होतं म्हनून. वरून मारली तं थे जमिनीत जाईन, माह्यात कमी. मले का मराची हौस आली होती?"

मी त्यांच्या पायाला हात लावला. त्यांनी शिवी दिली, फौजेत पायाला हात लावत नाहीत म्हणून. पण मला तेव्हा दुसरं काही सुचलं नाही. हा माणूस मरणाच्या जबड्यात हात असताना हिशेब करत होता: गोळी कुठली, कोन कुठला, मागं कोण, आणि समोरच्या पोराच्या हातून बार निघायला कोणता शब्द लागेल. त्या एका शब्दानं त्यांनी माझ्यावरचं ओझं काढून स्वतःवर घेतलं. आत जाकीट आहे हे मला माहीत असताना मी गोळी झाडली असती आणि ती त्यांना लागली असती, तर मी पुढं हत्यार हातात धरलं नसतं. त्या दिवशी ती लागली असती तरी ते म्हणाले असते, शिसं मीच सांगितलं. मी आज जो काही आहे, माझं सुभेदारपद, माझं घर, माझी शांत झोप, त्यात त्या शब्दाचा वाटा मोठा आहे.

इंजेक्शनं पार पडली. उस्ताद प्लाटूनमध्ये परत आले ते पोट धरूनच. पहिल्या दिवशी फॉलइनमध्ये सगळ्यांसमोर स्वतःची चूक सांगितली. "रिव्हॉल्वर देतानी मी बोललो नाही. मी बोललो नाही तं तुमी मले सोडाचं नाही. मी हवालदार असो का जनरल." इंगळेनंही विचारलं नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. मीच पुढं होऊन सांगितलं. दोघांना मिळून प्लाटूनची चहाची किटली एक आठवडा घासावी लागली.

पासष्टच्या सप्टेंबरात आम्ही पंजाबात होतो. आमची गन उसाच्या शेताच्या कडेला, कालव्याच्या बांधामागं. मी एक नंबर, उस्ताद सेक्शन कमांडर. पहाटेपासून समोरून तोफखाना सुरू होता. उजेड झाल्यावर त्यांचं पायदळ उसातून निघालं.

"इंगळे, उजवीकडं, झाडाखाली. शॉर्ट बर्स्ट. फायर."

"फायर."

"थांब. पाणी पाह्य. फायर."

गनच्या नळीभोवतीचं पाणी उकळत होतं. आम्ही दोनदा भरलं. तिसऱ्यांदा भरताना एक गोळा बांधाच्या मागं पडला आणि त्याचे तुकडे उस्तादांच्या पोटात गेले. मी गन सोडू शकत नव्हतो. वायरलेसवाल्या पोरानं मागं कळवलं.

"एक जखमी. गाडी पाठवा. ओव्हर."

"रस्त्यावर फायर आहे. वाट बघा. ओव्हर."

हल्ला ओसरला तेव्हा मी त्यांच्याजवळ गेलो. शुद्धीवर होते. पट्टी बांधली होती, पण ती कामाची नव्हती, हे त्यांनाही माहीत होतं. पाणी मागत होते, आणि पोटाच्या जखमेला पाणी देत नाहीत. मी रुमाल ओला करून ओठांना लावला. ऊन चढेपर्यंत असंच चाललं. कण्हत नव्हते, पण दात आवळलेले होते.

मग म्हणाले, "इंगळे. बेल्ट काढ माहा. रिव्हॉल्वर तुह्यापाशी ठेव."

मी बेल्ट सोडला. त्यांनी रिव्हॉल्वरवर हात दाबून ठेवला, मला उचलू दिलं नाही. श्वास गोळा केला.

"सहा," म्हणाले. "जाकीट."

"सहा, जाकीट," मी म्हणालो. मग काय वाटलं कोण जाणे, मी विचारलं, "खरं ना उस्ताद?"

त्यांच्या डोळ्यांत जुनी थट्टा आली. "आता तुह्याशी काहून खोटं बोलू?"

त्यांनी हात काढला. दुपारी गाडी आली, त्याआधी ते गेले. संध्याकाळी मी रिव्हॉल्वर उघडून पाहिलं. सहा होती. जाकीट होतं.

लढाई थांबल्यावर पहिल्या रजेत मी गावी न जाता आधी अकोल्याला उतरलो. द्वारका वहिनी दारातच होत्या. जयभीम झाला. मी बसलो. त्यांनी पाणी दिलं आणि समोर उभ्या राहिल्या.

"तरास झाला काय त्याईले?"

"नाही वहिनी. लगेच गेले. समजलं बी नसन."

त्यांनी रिकामा पेला माझ्या हातून घेतला. मग "च्या ठेवतो" म्हणून आत गेल्या. पुन्हा त्यांनी तो प्रश्न कधी विचारला नाही. मी दरवर्षी जात राहिलो. त्यांनी एका शाळेत नोकरी धरली, मुलीला शिकवलं, मुलगी नर्स झाली. मी रिटायर होऊन अमरावतीला घर बांधलं तेव्हा त्या आल्या होत्या, आणि येताना भाकरींची चवड घेऊन आल्या होत्या. या वेळी मी "मांगून येतो" म्हणालो नाही.

मागच्या वर्षी त्या अंथरुणाला खिळल्यावर मी गेलो. मुलगी बाहेर गेली होती. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारू? बडनेऱ्याले त्याईनं तुमच्याशी खोटं बोललं, तुमच्या भल्यासाठी. तुमी बी माह्याशी तसंच बोलले ना? लगेच गेले म्हने."

इतक्या वर्षांनी त्यांच्याशी पुन्हा तेच बोलणं मला जमेना. "हो वहिनी. दुपारपर्यंत होते. मी जवळ होतो." आणि मग मी त्यांना शेवटचं सगळं सांगितलं. बेल्ट कसा काढला, रिव्हॉल्वर कसं दिलं, काय बोलले.

"म्हनले ना? सहा, जाकीट म्हनले?"

"म्हनले. माह्याकडून बी परत म्हनून घेतलं."

वहिनींनी डोळे मिटले. मग हळू म्हणाल्या, "त्या दिवशी मी आली म्हनून त्याईचं बोलाचं राहून गेलं होतं. इतकी वर्सं मले तेच खात होतं, भाऊजी. बरं झालं, शेवटी बोलून गेले."

हवालदार किसन वानखडे, मशीनगन प्लाटून, राहणार अकोला. त्यांनी शिकवलेला एक माणूस अजून जिवंत आहे, आणि तो त्यांचा फार ऋणी आहे.